दोनशे रुपयांचा दंड

महाराष्ट्रात नुसते ‘कर्वे’ म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते महर्षी धोंडो केशव कर्वे. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, १९५८ साली वयाची शंभर वर्षे पुरी होताना मिळालेले भारतरत्न. या सन्मानाच्या वेळी त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ हयात नव्हते. त्यांना जाऊन पाच वर्षे होत आली होती. सरकारदरबारातून रघुनाथरावांना काही मिळाले असेल तर ते समन्स, वॉरंट आणि दंडाची पावती. पित्याने विधवेला शाळा दिली, पुन्हा संसार मांडण्याचा हक्क दिला. मुलगा त्याच वाटेने आणखी एक पाऊल पुढे गेला. बाईला किती मुले व्हावीत आणि ती केव्हा व्हावीत, हे ठरवायचे तिने, असे तो म्हणू लागला. पित्याला समाजाने आधी वाळीत टाकले आणि मग डोक्यावर घेतले. मुलाच्या बाबतीत त्यातला पहिला भागच घडला.

रघुनाथ यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. त्याच साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक छापून आले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या पुस्तकाला निमित्त झाला होता सुरतेचा एक खटला. एका तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले, मूल झाले आणि तिने ते मारले. कोर्टाने तिला फाशी फर्मावली. वरच्या कोर्टात ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांतून विधवांच्या वर्तनावर झोड उठली, पण तिला या अवस्थेत आणणारा पुरुष कोण, हे विचारायला फारसे कोणी पुढे आले नाही. ते ताराबाईंनी विचारले.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या घराघरात होता. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला होता. बाईचा जीव वाचवण्यासाठी केलेला गर्भपात तेवढा त्यातून वगळला होता. करून देणारा गुन्हेगार होताच, पण करून घेणारी बाईसुद्धा गुन्हेगार होती. अडलेल्या विधवेपुढे मग उरायचे काय? सुईणीच्या जडीबुटीचा जीवघेणा उपाय, विहीर, नाहीतर जन्मलेल्या पोराचा गळा. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते यासाठीच. पंढरपुरात १८७५ साली निघालेल्या अनाथ बालकाश्रमाचे कारणही तेच. रघुनाथ वाढला तो अशा काळात, आणि अशा घरात की जिथे या प्रश्नाकडे पाठ फिरवता येत नव्हती.

१८९१ साली आई राधाबाई गेल्या. दोन वर्षांनी अण्णांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडकरांनी घरावर बहिष्कार टाकला. रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. गाव दार कसे बंद करते, हे त्याला पुस्तकात वाचावे लागले नाही.

मुलगा हुशार. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. १९०४ साली फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाला आणि पुढे गणिताचा प्राध्यापक. कर्व्यांच्या स्वभावाची किल्ली या गणितात आहे. गृहीत मान्य केले की सिद्धतेच्या शेवटापर्यंत जायचे, मध्येच कोणाला वाईट वाटेल म्हणून थांबायचे नाही, ही सवय त्यांनी वर्गातून घरी आणली आणि घरातून समाजात नेली. तिने त्यांना मोठे केले आणि एकटेही पाडले. लग्न झाले, पत्नी मालतीबाई. मूल नको असा निर्णय दोघांनी विचाराने घेतला, आणि कर्व्यांनी स्वतःवर संततिप्रतिबंधाची शस्त्रक्रिया करून घेतली. पुरुषाने ही जबाबदारी आपल्या अंगावर घेणे आजही आपल्याकडे किती दुर्मीळ आहे, हे कुटुंब नियोजनाच्या कोणत्याही शिबिरात जाऊन पाहावे.

१९१९ मध्ये ते गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले. त्याच फ्रान्सने १९२० साली कायदा करून संततिनियमनाच्या प्रचारावर बंदी घातली. महायुद्धात माणसे मेली, तेव्हा बायकांनी आता मुले जन्माला घालावीत, असा तो हिशेब होता. तिथे माणसे कमी पडली म्हणून बाईवर सक्ती. पुढे आपल्याकडे माणसे फार झाली म्हणून तिच्यावर सक्ती. दोन्हीकडे तिला विचारले नव्हते. कर्व्यांच्या लिखाणाचे वेगळेपण इथे आहे. देशाच्या लोकसंख्येचे आकडे त्यांना ठाऊक होते, पण त्यांचा मुद्दा बाईपासून सुरू होत असे. तिचे आरोग्य, तिची इच्छा आणि तिचे सुखसुद्धा. हा तिसरा शब्द त्या काळात उच्चारणे म्हणजे निखाऱ्यावर पाय ठेवणे होते.

परत आल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंचे प्रसिद्ध केंद्र निघाले तेही १९२१ सालीच. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. फरक एवढाच की मेरी स्टोप्स यांचे नाव जगभर झाले. मुंबईच्या केंद्रामागे मात्र एक प्राध्यापक आणि त्याची बायको एवढेच मनुष्यबळ होते. १९२३ साली कर्व्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले. साधनांची माहिती, वापरण्याची रीत, शंका आणि उत्तरे, सगळे मराठीत, सरळ शब्दांत.

तेव्हा ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. मिशनऱ्यांच्या त्या संस्थेला आपल्या प्राध्यापकाचा हा उद्योग रुचणे शक्यच नव्हते. प्रचार सोडा, नाहीतर नोकरी सोडा, असा पेच आला. १९२५ साली कर्व्यांनी नोकरी सोडली.

माझी तीसेक वर्षे बँकेत गेली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी पगार खात्यात जमा होण्याचा अर्थ मला कळतो, आणि तो जमा न होण्याचाही. कायम नोकरीतला माणूस राजीनामा देतो तो बहुधा दुसरी अधिक पगाराची नोकरी पाहून. त्रेचाळिसाव्या वर्षी, हाती काही नसताना, केवळ एक काम सोडवत नाही म्हणून नोकरी सोडणारा माणूस मला खात्याच्या दुसऱ्या बाजूला बसून कधी भेटला नाही. यापुढची कर्व्यांची सगळी वर्षे ओढगस्तीची आहेत, आणि ती ओढगस्त मालतीबाईंनी बरोबरीने सोसली. चरित्रांत अशा स्त्रियांना एखादा परिच्छेद मिळतो. या जमाखर्चात त्यांचे नाव जमेच्या बाजूला ठळक लिहायला हवे.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. लैंगिक आरोग्य, संततिनियमन, गुप्तरोग, विवाह, वेश्याव्यवसाय हे त्याचे विषय. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र. त्याने सनातनी खवळले आणि काही चाहतेही बिचकले. पण मासिकाचा खरा प्राण होता वाचकांच्या पत्रांत. जे आईला विचारता येत नाही, नवऱ्याशी बोलता येत नाही, डॉक्टरपुढे तोंडातून फुटत नाही, ते माणसे कर्व्यांना लिहून विचारत. कर्वे उत्तर देत. उपदेश नाही, टवाळी नाही. गणिताच्या मास्तरांनी वहीतली चूक दाखवावी तसे.

आज आपण चळवळ म्हणतो तेव्हा मोर्चा, घोषणा आणि फलक डोळ्यांपुढे येतात. ही चळवळ पाकिटात बंद होती. पत्र लिहिणारी माणसे एकमेकांना ओळखत नव्हती आणि उघड नावाने पुढे येणे त्यांना शक्य नव्हते. पण छापलेला प्रश्न वाचून दुसऱ्या गावातल्या कोणाला तरी कळत होते की या दुःखात आपण एकटे नाही. चळवळीची सुरुवात याहून वेगळी काय असते?

मग कायदा आला. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून, पुण्यातल्या सनातनी मंडळींच्या तक्रारीनंतर, कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. शंभर रुपये दंड झाला. अपिलाचा उपयोग झाला नाही.

त्या काळी अश्लीलतेची कसोटी होती विलायतेच्या कोर्टाने १८६८ साली घालून दिलेली. ज्याचे मन अशा गोष्टींनी बिघडू शकते त्याच्या हाती हे लिखाण पडले तर काय होईल, असा तो प्रश्न. म्हणजे मोजमाप घ्यायचे ते सर्वांत कच्च्या मनाच्या वाचकाचे. ज्या बाईला सहाव्या बाळंतपणाची धास्ती आहे, तिला हे लिखाण वाचून काय मिळेल, हा प्रश्न त्या कसोटीत बसतच नव्हता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी बाजूला ठेवली ती थेट २०१४ साली.

१९३४ मध्ये कर्व्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी निमित्त होते मासिकाच्या गुजराती अंकातल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांचे. हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवरचे ते प्रश्न होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांची तेव्हाची धावपळ आठवा. महाडचा सत्याग्रह होऊन सात वर्षे झाली होती, गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकते मागे पडले होते. कर्वे कोकणस्थ ब्राह्मण, त्यांच्यामागे जात नाही, पक्ष नाही, मते नाहीत. असा खटला घेऊन राजकारणात पदरी काही पडण्यासारखे नव्हते. बदनामी मात्र हमखास होती. तरीही बाबासाहेबांनी तो घेतला.

त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. विषय लैंगिक आहे एवढ्याने लिखाण अश्लील ठरत नाही. हे मासिकच या विषयाला वाहिलेले आहे. वाचक प्रश्न विचारतात, आणि उत्तर द्यायचे नाही असे म्हणणे म्हणजे मासिक बंद करा म्हणणे आहे. असे विकृत प्रश्न छापायचे कशाला, असा आक्षेप आला. विकृती असेल तर तिला ज्ञानाखेरीज दुसरे औषध काय, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला. समलिंगी ओढ ही काही माणसांत निसर्गतः असते, हे सांगताना त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या अभ्यासकाचा आधार दिला. हे १९३४ साली, मुंबईच्या कोर्टात. आपल्या देशात समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत ते २०१८ साली.

खटला हरला. दंड दोनशे रुपये.

कोर्टाच्या भाषेत प्रकरण संपले. पण हरलेल्या खटल्याची एक गंमत असते. निकालपत्र जिंकणाऱ्याचे, तरी युक्तिवाद हरणाऱ्याचाही नोंदला जातो. पुढच्या पिढीतला कोणी ती नोंद उघडतो आणि त्याला तिथे आपला पूर्वज भेटतो. दुसरे म्हणजे, असा खटला नुसता वकील आणि आरोपी यांच्यातला राहत नाही. या खटल्याची फलश्रुती चार वर्षांनी दिसली. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद रोहम यांनी ठराव मांडला, की सरकारने संततिनियमनाची सोय करावी. ठरावामागची मांडणी बाबासाहेबांची होती. नको असलेले गर्भारपण टाळण्याचा मार्ग बाईला मोकळा असलाच पाहिजे, हे तिचे मर्म. ठराव फेटाळला गेला. तरीही हा विषय कोर्टातून कायदेमंडळात गेला होता.

दुसऱ्या बाजूला गांधीजी होते. कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध, उपाय एकच, संयम. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरी गांधीजींचे मत बदलले नाही. ज्या देशात महात्म्याचे म्हणणे असे, तिथे कर्व्यांचे कोण ऐकणार? आणि कर्वेही समजावून सांगणाऱ्यांतले नव्हते. गांधी असोत की धर्म, त्यांची लेखणी सारखीच चाले. त्यांनी संस्था उभारली नाही. पित्याला जमलेली ती माणसे जोडण्याची कला मुलाकडे नव्हती. त्यांच्याजवळ पत्रे होती, संघटना नव्हती. वकील होता, पण मागे उभा राहणारा जमाव नव्हता. त्यांचे काम त्यांच्या हयातीत इतके मागे का राहिले, याचे उत्तर बरेचसे यात आहे.

१९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंब नियोजन हा अधिकृत कार्यक्रम केला. असे करणारा जगातला हा पहिला देश. त्याच वर्षी या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. एकतीस वर्षांपूर्वी ज्या शहरात कर्व्यांनी आपले छोटे केंद्र उघडले, त्याच शहरात. पुढच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले. सव्वीस वर्षे चाललेले ‘समाजस्वास्थ्य’ त्यांच्याबरोबर थांबले.

गोष्ट इथे संपत नाही, कारण कर्व्यांचा भर गर्भ राहू न देण्यावर होता. राहिलेल्या गर्भाचे काय, हा पुढचा प्रश्न कायद्यापुढे आला तो त्यांच्यानंतर. १९६४ साली केंद्र सरकारने महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चोरटे गर्भपात आणि त्यातले मृत्यू तिच्यापुढे होते. तिच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. असंख्य बायकांचे प्राण त्याने वाचवले, हे निर्विवाद. पण तो मागायला बायका रस्त्यावर आल्या नव्हत्या. डॉक्टरांनी मागितला, लोकसंख्येचे गणित करणाऱ्यांनी उचलून धरला. त्यामुळे त्यात बाईचा हक्क असा शब्द नाही. डॉक्टरने प्रामाणिकपणे मत बनवले तर त्याला शिक्षा होणार नाही, एवढीच ती सवलत. गर्भपात मुळात गुन्हाच राहिला. जुन्या दंडसंहितेचे ३१२ वे कलम १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत ८८ वे कलम झाले. आकडा बदलला, मजकूर जवळजवळ तोच.

याउलट कर्व्यांनी पाहिलेल्या फ्रान्सची गोष्ट. १९७१ साली तिथल्या ३४३ स्त्रियांनी आपण गर्भपात केला आहे असे सही करून जाहीर केले. पुढच्या वर्षी बोबिन्यीच्या कोर्टात बलात्कारातून दिवस गेलेल्या एका कोवळ्या मुलीवर गर्भपाताचा खटला चालला. तिच्या वकील जिझेल हलिमी यांनी मुलीसाठी दयेची याचना केली नाही, त्यांनी कायद्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. बाहेर स्त्रिया घोषणा देत होत्या. मुलगी सुटली आणि १९७५ साली कायदा बदलला. कर्वे-आंबेडकरांनी जे एकट्याने केले, तेच तिथे सह्यांच्या आणि गर्दीच्या बळावर झाले.

कायद्यात हक्क म्हणून न लिहिल्याने काय होते, ते मी नोकरीत असताना पाहिले आहे. आमच्या शाखेतल्या एका सहकारी बाईंना तिसरा महिना लागला होता, मूल नको होते. नवरा दुबईला नोकरीत. इस्पितळाने त्याची सही मागितली. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरे, असे कायदा सांगतो. बाईंनी ते सांगूनही पाहिले. दोनदा परत पाठवल्यावर त्यांनी तिसऱ्या दिवशी दुसरे इस्पितळ गाठले. त्या पदवीधर होत्या, मिळवत्या होत्या, मुंबईत होत्या. यातले एकही नसलेल्या बाईने काय करावे?

तरी वाट पुढे सरकते आहे, आणि ती हरलेल्या खटल्यांवरूनच. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयात एक दांपत्य आपल्या डॉक्टरसह गेले. गर्भाच्या हृदयात दोष आढळला होता, पण वीस आठवड्यांची मुदत उलटली होती. न्यायालयाने नकार दिला. त्या नकारावर देशभर चर्चा झाली, पाठोपाठ इतर बायका कोर्टात गेल्या, आणि २०२१ साली कायदा दुरुस्त होऊन ठरावीक कारणांसाठी मुदत चोवीस आठवडे झाली. ‘विवाहित स्त्री’ आणि ‘पती’ यांच्या जागी ‘स्त्री’ आणि ‘जोडीदार’ हे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले, की यात अविवाहितेला वेगळे काढता येणार नाही. संघटनेचे बळ काय असते तेही महाराष्ट्रानेच दाखवले होते. गर्भलिंग तपासून मुली खुडण्याविरुद्ध मुंबईतल्या स्त्रीसंघटना आणि डॉक्टर ऐंशीच्या दशकात एकत्र आले, आणि १९८८ साली देशातला पहिला कायदा आपल्या राज्यात झाला. विरोध लिंग पाहून निवड करण्याला आहे, गर्भपाताच्या हक्काला नाही, हा विवेक त्या बायकांनी गर्दीतही सोडला नाही.

कर्व्यांवर २००१ साली ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट आला, २०१७ साली त्यांच्या खटल्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या कर्व्यांच्या काही उपयोगाच्या नाहीत. त्यांच्या मासिकाला पत्र पाठवणारी बाई मात्र अजून आहे. तिचा प्रश्नही तोच आहे: माझ्या शरीराबद्दल सही कोणाची लागणार? तिला नाव लपवावे लागू नये इतके जरी आपण केले, तरी त्या दोनशे रुपयांची परतफेड सुरू झाली असे म्हणता येईल.